टचिंगबाईंची पाठ

कपड्यांच्या दुकानातल्या त्या अरुंद खोलीत आरसे तीन होते, ही कुणाची तरी आगाऊ अक्कल. एक समोर आणि दोन बिजागरीवर, पुढे ओढले की माणसाला स्वतःची मागची बाजूही दिसावी म्हणून. तिने ते ओढले नव्हते. आधीचं गिऱ्हाईक तसेच सोडून गेलं होतं. खांद्यात अडकलेला कुर्ता डोक्यावरून काढता काढता तिने मान वर केली तर उजव्या आरशात एक पाठ दिसली, आणि तिला वाटलं, शेजारच्या खोलीत पडदा न लावता कुणीतरी बाई उभी आहे. काय ही पाठ, तिच्या मनात आलं. पट्ट्याच्या वर एक वळी, पट्ट्याखाली दुसरी, खांद्याची हाडं मांसात पार बुडालेली. अशा बायकांनी निदान पडदा तरी लावावा. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक काळा डाग होता. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं आपोआप जुळून आली, बारीक ब्रश धरल्यासारखी. हा आधी काढायचा, मग वळ्या. बोटं जुळली तसं आरशातल्या बाईचंही कोपर हललं.

"मावशी, बसला का?" बाहेरून दुकानातल्या पोरीने विचारलं.

"बाह्या माणसाच्या मापाच्या काढा म्हणावं," ती म्हणाली, आणि कुर्ता त्या पोरीच्या हातात कोंबून, काही न घेता रस्त्यावर आली.

रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण पाठ ताठ धरून चाललोय, मागून कुणीतरी बघत असल्यासारखं. अंगावर कपडे होते, वर ओढणी होती, कुणाला काय दिसणार, कपाळ? तीळच तर होता. माणसाच्या अंगावर तीळ असतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उभा जन्म तिने एका फोटो स्टुडिओत टचिंग करण्यात घालवला होता. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने, मग प्रिंटवर ब्रशने, ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून, आणि आता कॉम्प्युटरवर, जिथे कुठलाही गाढव तेच काम करू शकतो आणि करतो. गिऱ्हाइकं तिला टचिंगबाई म्हणत. मालक नुसतं बाई म्हणत. "बाई, जरा हात फिरवा," असं म्हणून मालक फोटो तिच्या टेबलावर टाकत आणि ती हात फिरवे. मुरुमांचे खड्डे बुजव, डोळ्यांखालच्या पिशव्या रिकाम्या कर, दुसरी हनुवटी छाट, तीळ उडव. या कामाने माणसाची माणसांविषयी जी काही आशा असते ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपते. कुणालाही स्वतःचं तोंड नको असतं. एक वकीलसाहेब दर चार-सहा वर्षांनी आपला तोच तरुणपणीचा फोटो घेऊन येत आणि "यातच कोट तेवढा नवा घाला" म्हणत. एकाने वारलेल्या बापाचा फोटो आणून सांगितलं होतं, जरा हसरे करा, जिवंतपणी कधी हसले नाहीत. तिने हसरे केले. मुलगा फोटोकडे बघून रडला आणि म्हणाला, अगदी असेच होते हो. खोटं बोलायला माणसाला दुसरं कुणी लागत नाही, हे ती स्टुडिओत शिकली. सगळ्यात जास्त तिटकारा मात्र तिला पासपोर्टवाल्यांचा होता. त्यांच्या फोटोला हात लावायचा नाही असा नियम. ते आपले तीळ, चामखिळी, व्रण घेऊन तसेच्या तसे, उघड्या तोंडाने परदेशी जात.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिच्या पडद्यावर एका मुलीचा गाल आला. गालावर तीळ होता. सवयीने तिने तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि पुसायच्या ऐवजी बघत बसली. गोल होता. कडा जिथल्या तिथे. सगळीकडे एकच तपकिरी. तिचा एक जुना हिशेब होता, ब्रशच्या दिवसांपासूनचा. ज्या डागाला एकच रंग पुरतो तो साधा, ज्याला दोन कालवावे लागतात तो तापदायक. आणि काल त्या आरशात, तो डाग परक्या बाईचा आहे असं वाटत होतं तेवढ्या निमिषात, तिने तीन रंग कालवले होते. शाईचा काळा, त्याला खालच्या अंगाला तांबूस, आणि एका कडेला निळसर राखाडी. कडा एका बाजूने नीट नव्हती, टीपकागदावर शाई फुटावी तशी पसरली होती. हे सगळं तिने घाबरून बघितलं नव्हतं, म्हणून तर नीट बघितलं होतं. आपला डाग आहे हे माहीत असतं तर डोळ्यांनी तिथेही हात फिरवला असता. तिने मुलीचा गाल साफ केला, मालकांना सांगितलं, "मला जरा बाहेर जायचंय," आणि मालकांनी, ज्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं आणि कधी बरं आहे ना असंही विचारलं नव्हतं, मान हलवली.

चामडीची डॉक्टर म्हणजे एक पोरगी निघाली. भिंतीवर पाच तिळांचं चित्र टांगलेलं, चांगले कुठले आणि वाईट कुठले. छपाई इतकी भिकार की सगळेच वाईट दिसत होते. तिला पालथं झोपायला सांगितलं. तोंड खालच्या कागदात रुतवून पडल्यापडल्या तिला वाटलं, ही काय बघणार, हिने आयुष्यात किती कातडी बघितलीय? डॉक्टरने दिवा असलेलं भिंग पाठीवर टेकवलं. ते गार होतं. मग बराच वेळ काहीच झालं नाही, आणि त्या काहीच न होण्यात तिला पहिल्यांदा साधी भीती वाटली.

"हा किती दिवसांपासून आहे?"

"मला काय माहीत? माझ्या मागे आहे तो."

डॉक्टर हसली नाही. "आकार दोन्हीकडून सारखा नाही, कडा वाकडी आहे, रंग एक नाही. पण काहींचे पहिल्यापासूनच असे असतात. वाढलाय का, बदललाय का, हे कळायला हवं. तो बदललेला असेल तर मी परवाच काढते आणि तपासायला पाठवते. वर्षानुवर्षं असाच असेल तर थोडं थांबून बघता येईल. तुम्हाला शुगर आहे, जखमा चिघळतात म्हणताय, म्हणून विचारते. घरात कुणी तुमची पाठ बघितलीय?"

"नाही."

"मिस्टर?"

"ते गेले."

"आणखी कोण असतं घरी?"

"नणंद."

"मग त्यांना विचारा ना."

"विचारण्यातली नाही ती." कपडे घालता घालता ती म्हणाली.

"मग जुना फोटो बघा एखादा, पाठ दिसणारा. कुठल्या तरी सहलीचा, पोहतानाचा. असतो लोकांकडे."

लोकांकडे असतो. तिच्याकडेही होता. पाठ दिसणारा एकच, आणि तो कुठे आहे हेही तिला ठाऊक होतं.

घरी आली तेव्हा दुपार कलली होती आणि वन्सं फोनवर बोलत होत्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर टेलिफोन ऑफिसात तारा जोडल्या, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी समोरच्या माणसाशीही दुसऱ्या गावाशी बोलल्यासारख्या बोलत. घर बहीण-भावाचं मिळून होतं. भाऊ गेला, त्याच्या वाट्यावर बायको राहिली. फ्रिजमध्ये वरचा कप्पा हिचा, खालचा तिचा, मधल्यात दूध. दोघी एकमेकींना अहो-जाहो करत आणि त्या अहो-जाहोत जेवढा राग मावतो तेवढा मावून घेत. वन्संच्या वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला तीळ होता, चांगला भरलेला, मधोमध एक राठ केस. त्या बोलत तेव्हा तो वरखाली होई. जेवताना त्याच्याकडे बघायचं नाही असं ती रोज ठरवी आणि रोज बघे. इतक्या वर्षांत या बाईला तो केस उपटावासा वाटला नाही, यातच त्यांची सगळी जात आली, असं तिचं मत होतं.

फोटोंचा डबा तिने आतल्या खोलीत नेला आणि खिडकीशी बसली. फोटो तळाशी होता, जाड चकचकीत कागदावरचा, काळापांढरा. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यातला. पंखा बंद पडला होता आणि ती मागून कंबरेपर्यंत खोल गळ्याचं पोलकं घालून, केस वर बांधून, टेबलावर वाकून काम करत होती. नवऱ्याने मागून, न सांगता काढला. छंद होता त्याला, हात मात्र धड नव्हता. बाकी सगळे फोटो हलायचे, हाच एक कसा कोण जाणे सुईच्या टोकासारखा स्पष्ट आला होता. मानेचे केसन् केस दिसत होते. टेबलावरच्या ब्रशचं टोक दिसत होतं. आणि पाठ अशी होती की दुधाच्या सायीवर बोट फिरवावं. एक डाग नाही, एक सुरकुती नाही. तिने फोटो उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, दूर नेला. आपण काय शोधतोय हे तिला ठाऊक होतं आणि ते का सापडणार नाही हेही.

डाग तिनेच काढले होते. सगळे. फोटो आणल्याच्या दुसऱ्या दिवशी, स्टुडिओतलं काम संपवून, आपल्याच टेबलावर बसून तिने तो मानेपासून कंबरेपर्यंत साफ केला होता, मुळातच, निगेटिव्हवरच, आणि मग प्रिंटवर पुन्हा. त्या वयात हाताला अशी काही धार होती की तिला आपल्या कामाचा अभिमान वाटे, आणि ते काम पहिल्यांदा स्वतःवर करायला मिळालं होतं. किती होते, कुठे होते, तिला आठवेना. काढताना डाग बघायचा असतो, लक्षात ठेवायचा नसतो. न्हावी काय कापलेले केस आठवत बसतो? काही पुसट होते आणि एक दोन ठळक, एवढंच आठवत होतं, आणि त्या ठळकांमध्ये हा होता की नव्हता, याचा पुरावा जगात एकच होता आणि तो तिच्या हातात होता, आणि तिच्याच हातांनी पुसलेला होता. दुसरी कुठलीही बाई असती तर तिच्याकडे एक हललेला, मळका, खरा फोटो असता. तिला हसू आलं, वाईट प्रकारचं. सासूबाई तिला टोमणा मारताना म्हणायच्या, आपली पाठ आपल्याला दिसत नाही गं. सासूबाईंना म्हणी फार येत, आणि एकही कधी चुकीच्या वेळी वापरली नाही म्हणून तिने त्यांना आयुष्यभर माफ केलं नव्हतं.

नवऱ्याला तिने तो फोटो दाखवला होता. तो खुर्चीत बसला होता, पाय वर घेऊन, काही तरी खात. फोटो हातात घेऊन त्याने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही कोण?" ती म्हणाली, "कोण म्हणजे? तुम्हीच काढलाय." तो म्हणाला, "मी हिचा नव्हता काढला." मग चकचकीत कागदावर चटकन बोट टेकवून म्हणाला, "इथे होता ना एक?" आणि तिने फोटो हिसकावला होता. तेलकट बोट! केवढी चिडली होती ती. एवढं नाजूक काम, आणि या माणसाने त्यावर ठसा उठवला. ती कितीतरी दिवस त्याच्याशी नीट बोलली नाही, आणि त्यानंतर त्याने तिचा फोटो काढला नाही. हे दोन्ही एकाच गोष्टीचं होतं असं तिला त्या वेळी वाटलं नव्हतं, किंवा वाटलं होतं आणि तिने त्यावरही हात फिरवला होता. तिच्या बाजूला अंथरुणात निजताना तो मागून पाठीवर हात ठेवायचा. कुठे ठेवायचा? ती आठवू लागली. खांद्याच्या वर, की खाली? हात आठवत होता, उबदार आणि जड, पण जागा आठवत नव्हती.

आणि मग टचिंगबाईंना टचिंगबाईंचं ज्ञान आठवलं. तेलकट बोट कागदावर लगेच दिसत नाही, पुसल्यासारखं वाटतं, पण ते जात नाही. वर्षं गेली की वर येतं. जुन्या फोटोंवरचे असे किती ठसे तिने लोकांसाठी काढून दिले होते. तिने फोटो तिरपा धरला. अजून तिरपा. खिडकीतला उजेड कागदावरून घसरत गेला आणि एका जागी अडला. होतं. फिकट पिवळट, अर्धं, पण रेघांसकट होतं. नवऱ्याचं बोट. ती त्याच्याकडे बघत राहिली. आत्ता एवढंच कळायला हवं होतं की हे बोट पाठीवर जिथे टेकलंय तिथेच तो डाग आहे का. तिथेच असेल तर तो जुना, तेव्हाचाच. दुसरीकडे असेल तर नवा. पण फोटोत ती वाकलेली होती आणि आरशातला डाग उलटासुलटा बघितलेला, नुसत्या आठवणीने जागा जुळेना. पाठीला हात पुरत नव्हता. न्हाणीघरातला आरसा तोंडापुरता होता आणि हातातला आरसा धरला की फोटो धरायला हात उरत नव्हता. तिने दोन्ही करून बघितलं, मान अवघडली, आरसा बादलीत पडला. बाहेर वन्सं फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, दुधाचा भाव विचारू नका, नुसतं पाणी आहे पाणी.

विचारण्यातली नाही ती, असं तिने डॉक्टरला सांगितलं होतं. ते खरंच होतं. घरात जिवंत माणूस एकच, आणि तेही वन्सं. तिने दार उघडायच्या आधी दोनदा हात मागे घेतला. शेवटी भीतीने अपमानावर मात केली, अगदी थोडक्यात.

"वन्सं, जरा आत येता? फोन ठेवून."

वन्सं आल्या. ओल्या हातांनीच आल्या. भांडी घासता घासताच बोलत होत्या वाटतं. तिने खिडकीकडे पाठ केली, गुंड्या सोडून कपडा वर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून, जणू भिंतीलाच सांगावं तसं सगळं सांगितलं. तीळ, डॉक्टर, फोटो, बोट; आणि हात मागे करून फोटो दिला. वन्संनी तिला आयुष्यात पहिल्यांदा मधे तोडलं नाही. मग चष्मा पुसल्याचा आवाज आला. एक गार ओलं बोट डाव्या फऱ्यावर टेकलं.

"दादाचं बोट इथे आहे," वन्सं मागून म्हणाल्या, आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाल्या. "आणि इथे एक आहेच. तपकिरी. चहाचा थेंब पडावा तेवढा. बसलाय आपला गुपचूप."

"आणि दुसरा? खालचा?"

"तो हा नाही. तो चांगला चार बोटं खाली आहे." बोट उचललं गेलं. "तो नवा आहे, वहिनी. मागच्या थंडीत तुमचा खांदा धरला होता, तेव्हा मलम लावताना मी पहिल्यांदा बघितला. तेव्हा मसुराच्या डाळीएवढा होता, लालसर. सपाट होता. आता काळा झालाय आणि एका बाजूने पाय फुटलेत त्याला."

मागची थंडी. पंधरा-वीस दिवस वन्संनी रोज सकाळी तिला पालथी झोपवून खांदा चोळला होता, आणि ती उशीत तोंड खुपसून मनात म्हणत होती, काय ते हात, भांडी घासायचा काथ्या बरा. घरात कुणी पाठ बघितलीय का, असं डॉक्टरने विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली होती. खोटं बोलली नव्हती. वन्संना तिने कुणीमध्ये धरलंच नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?" ती भिंतीला म्हणाली. आवाज चढला होता. "एवढी थंडी, उन्हाळा गेला. दिसत होतं तर तोंड शिवलं होतं का?"

"तुम्हाला डाग दाखवायचा?" वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला? एकदा ओठावर आलं होतं माझ्या. म्हटलं, तुम्ही म्हणाल, आधी स्वतःचा बघा आरशात. म्हटलं, हिचा तर धंदाच डागांचा, हिला माहीत नसेल होय. चुकलं माझं."

वन्संनी जे तोंडून निघालं असतं म्हणून सांगितलं, ते तसंच्या तसं, शब्दाला शब्द, निघालं असतं. मागच्या थंडीत तिला एक वाक्य ऐकता आलं असतं, आणि ते तिने न ऐकताच आधी परत पाठवलं होतं. आता पाठीवर जे वाढत होतं ते तेवढ्या महिन्यांनी वाढलं होतं. तिने कपडा खाली घेतला. गुंड्या लागेनात. वन्संनी, न विचारता, ओल्या हातांनी त्या लावल्या.

"एक विचारू का?" ती म्हणाली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि चांगलं बोलायची सवय नव्हती. "बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या तसबिरी तुम्ही पुसता. आपला तो सगळ्यांचा फोटो तेवढा कधी पुसत नाही. धूळ ही एवढी असते. का?"

तो फोटो सासूबाई असताना काढलेला होता, सगळे एका रांगेत, स्टुडिओतल्या पडद्यापुढे. त्यातला वन्संचा तीळ तिने, कुणी सांगितलेलं नसताना, काढून टाकला होता, आणि उपकार केल्यासारखी वाट बघत राहिली होती की कुणी काही म्हणतंय का.

"त्यात मी नाही," वन्सं म्हणाल्या. "मी कशाला पुसू?"

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी डॉक्टरकडे गेल्या. वन्सं वाटेत सगळ्या रिक्षाला ऐकू जाईल अशा आवाजात तिला धीर देत होत्या आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. तीळ काढला, टाके पडले, तो इवलासा तुकडा बाटलीत घालून तपासायला गेला. पाठीला बधीर करायची सुई टोचली तेव्हा ती हूं की चूं करत नव्हती, पण डॉक्टरने हात धुता धुता वन्संच्या ओठाकडे बघून "तुमचा हा पण एकदा बघू या का? आधीपासून असाच आहे?" असं विचारलं, आणि वन्सं म्हणाल्या, "मला काय ठाऊक, मी कुठे आरशात बघते," तेव्हा पालथ्या पडलेल्या तिने मान उचलली.

"असाच आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून. रंग एकच आहे. ओठाच्या बाजूला एक बारीक खाच आहे, तीही पहिल्यापासून आहे. केस तेवढा मागाहून आला."

"तुम्हाला एवढं नक्की कसं सांगता येतं?"

"फोटोतून काढलाय मी तो. काढायला बघावा लागतो." बाकीचे तीळ ती विसरली होती, हा रोज जेवताना समोर असायचा. पण ते ती बोलली नाही. एवढ्या तिटकाऱ्याने, एवढ्या नियमाने तिने दुसरं काहीच बघितलं नव्हतं, नवऱ्याचं तोंडसुद्धा. वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या, आणि मग, ज्या कधी गप्प बसत नसत त्या, घरी येईपर्यंत गप्प बसल्या. ते तिला रिक्षातल्या धीर देण्यापेक्षा जड गेलं.

तपासणीचं उत्तर यायला वेळ लागला. ते दिवस तिने स्टुडिओत काढले. मालकांनी दुकानाच्या पन्नाशीचा समारंभ केला, तिला चार शब्द बोलायला सांगितलं, ती दोनच बोलली आणि खाली बसली. समारंभाच्या फोटोंवर हात फिरवताना मालकांचं टक्कल तिने तसंच ठेवलं. "बाई, राहिलं वाटतं," मालक म्हणाले. "राहू दे की," ती म्हणाली. मालकांनी मग कुणा पोराकडून ते करून घेतलं आणि पोराने त्यांना असे केस लावले की बायकोही ओळखणार नाही. लोक आपले होते तसेच होते. सुधारायचं कारण त्यांना काय होतं?

उत्तर आलं. जे नको होतं तेच होतं, कॅन्सरच. पण कातडीच्या वरच्या थरातच होतं, खाली उतरलेलं नव्हतं. कडेची आणखी थोडी कातडी काढून घेतली म्हणजे पुरतं निघेल, असं डॉक्टर म्हणाली, आणि तसं ते निघालं. आणखी एक थंडी उलटली असती तर असं म्हणता आलं नसतं, हेही म्हणाली. मग तिने बजावलं की आता जन्मभर दर महिन्याला सगळं अंग बघायचं, नवा आलाय का, जुना बदललाय का, आणि पाठ दुसऱ्या कुणीतरी बघायची. फोटोवर विसंबायचं नाही. हे बोलताना ती वन्संकडे बघून बोलत होती, जणू पाठ वन्संचीच आहे.

म्हणून आता महिन्याच्या पहिल्या रविवारी, ऊन खिडकीत आलं की, ती कपडा वर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. हा कार्यक्रम तिला मुळीच आवडत नाही. वन्संची बोटं नेहमी ओली आणि गार असतात. कितीदा सांगितलं, पुसून येत नाहीत. चष्मा मात्र पुसतात. वरून सुरुवात करतात, दादाच्या बोटाखालच्या त्या चहाच्या थेंबापासून, आणि एकेकावर थांबत खाली उतरतात. व्रणापाशी जरा जास्त थांबतात. त्या वेळात ती श्वास धरून भिंतीवरचा पोपडा बघत असते. तोंड दाबून बसलेली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगावरचं पुसत आलेली ती बाई, तेवढा वेळ फक्त एवढंच मागत असते की आपलं सगळं असेल तिथे असू दे.

"आहेत," वन्सं दुसऱ्या गावाला सांगितल्यासारखं ओरडून म्हणतात. "सगळे जिथल्या तिथे आहेत, वहिनी."

ती कपडा खाली घेते, गुंड्या लावते आणि वळते.

"बसा इथे," ती म्हणते. "उजेडात तोंड करा." वन्संची हनुवटी दोन बोटांनी धरून, बाजारात वांगं बघावं तशी, ती खिडकीकडे वळवते आणि भिंग लावून त्या तिळाकडे बघते. रंग, कडा, खाच. घाई करत नाही.

"आहे तस्सा आहे," ती म्हणते. "वाईट दिसतो."

"दिसू दे," वन्सं म्हणतात.